विद्यार्थी लाजतो म्हणून

बिरादार काका कुठलाही कागद शेवटून वाचायला घ्यायचे. प्रबंध असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, की एखाद्या पोरीनं कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेला लेख असो; आधी शेवटचं पान, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत ते पहिल्या पानाकडं यायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यानं गठ्ठा उलटा धरलाय. ‘काका, सुरुवात इकडून आहे,’ असं मी मोठ्या अदबीनं सांगितलंही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ‘ठाऊक हाय, सर. पहिल्या पानावर माणूस नटून बसलेला असतो. शेवटाला दमतो. दमला की खरं बोलतो. म्हणून तिकडून येऊन राहिलो.’

नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, मागच्या बाजूला, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी ‘लेखन साहाय्य केंद्र’ अशी पाटी होती. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा लिहिलेलं बरोबर आहे का हे कळत नाही, अशा विद्यार्थ्यांनी तिथं यावं आणि कुणीतरी त्यांना मदत करावी, अशी योजना. मदत करायला नेमलेल्या दोन प्राध्यापकांना वेळ मिळेना, तेव्हा ग्रंथपालांनी सकाळी आपल्यासोबत गोदावरीच्या घाटावर फिरायला येणाऱ्या बिरादार काकांना आणून बसवलं. काका मूळचे देगलूरकडचे. सगळी नोकरी रेल्वेच्या कचेरीत, जबाब लिहून घेण्यात गेली. रुळावर काही घडलं की गेटमन, ट्रॅकमन, आसपासचे शेतकरी यांना बोलावून ‘काय झालं ते सांगा’ म्हणायचं आणि उतरवून घ्यायचं. साहित्याशी त्यांचा संबंध एवढाच.

आता माझ्याबद्दल. मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होतो. वय एक्केचाळीस. पोट सुटलेलं, कानांवर पांढरं आलेलं, आणि गावात ख्याती सूत्रसंचालक म्हणून. कुणाचा सत्कार असो, कशाचं उद्घाटन असो, माईक माझ्या हातात. ‘शब्दांचे धनी’ असा माझा उल्लेख व्हायचा आणि मी मान खाली घालून तो मान्य करायचो. याच गुणावर आमच्या प्राचार्यांनी मला आमच्या कॉलेजच्या लेखन साहाय्य केंद्राचा समन्वयक केलं होतं. हो, आमच्याकडंही ते केंद्र होतं. मूल्यांकन समिती येणार म्हणून आठ दिवसांत उभं राहिलेलं. एक पाटी, दोन खुर्च्या आणि एक वही. समिती येऊन गेली, खुर्च्या परीक्षा विभागानं नेल्या, पाटीवर माझं नाव मात्र राहिलं.

तर असा हा शब्दांचा धनी, लेखन साहाय्य केंद्राचा समन्वयक, दर शनिवारी लातूरहून एस.टी.नं नांदेडला स्वतःसाठी लेखन साहाय्य घ्यायला जायचा. लातूरच्या कुणी पाहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

कारण असं की माझा पीएच.डी.चा प्रबंध परत आला होता. विषय लातूरजवळच्या मुरुडचा आठवडी बाजार. बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला होता : ‘भाषा भारदस्त आहे. बाजार मात्र कुठेही दिसत नाही.’ दुरुस्तीला सहा महिने. त्यात झालं नाही तर नोंदणी रद्द. आणि नोंदणी रद्द झाली की कायम नोकरीची उरलीसुरली आशा संपली. मग साठीपर्यंत तासिका मोजायच्या आणि लोकांच्या सत्कारात चारोळ्या म्हणायच्या. माझे मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलाकडं गेले होते. फोन केला की ‘बघा, तुम्हाला काय योग्य वाटतं ते’ एवढंच म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी काकांसमोर बसलो आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, ‘हे माझ्या एका विद्यार्थ्याचं आहे.’

‘तो कामून न्हाई आला?’

‘लाजतो.’

‘अय्यो! लाजतो म्हणून तुम्ही लातूरहून येऊन राहिलात? लई भला माणूस हाय की तुम्ही!’ त्यांनी ग्रंथपालांना हाक मारून हे सांगितलं. ग्रंथपालांनी मला चहा मागवला. मी तो प्यायलो. एवढ्या कौतुकानंतर ‘नाही हो, मीच तो’ म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडं नव्हती, फक्त पोट होतं.

काका कागदावर काही दुरुस्त करत नसत. समासात पेन्सिलीनं एकेक अक्षर टाकायचे. ‘पा’ म्हणजे पाहिलेलं. ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं. आणि ‘उ’ म्हणजे उगीच. पाहिलेलं चांगलं, ऐकलेलं चालतं, पण कुणाकडून ऐकलं ते लिहायचं. उगीचचं काढायचं. झालं त्यांचं लेखनशास्त्र. एका पोरानं मोबाईलकडून लिहून घेतलेला निबंध आणला होता, त्यावर त्यांनी ओळीनं ‘उ’ टाकले आणि अगदी मायेनं विचारलं, ‘बाळा, ह्याच्यात तू कुठं हाईस?’ पोरगं ओशाळलं. मी त्याच्याकडं पाहून शिक्षकासारखा हसलो. मग काकांनी माझा गठ्ठा ओढला.

माझ्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात मला तोंडपाठ होती. ‘मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून विनिमयाची गंगोत्री अखंड प्रवाहित आहे.’ काका तीन शनिवारांनी उलटे चालत त्या वाक्यापाशी पोचले. थांबले.

‘सर, ह्या उषःकालाला तुमचा विद्यार्थी जागेवर होता?’

‘नाही, काका, ते आपलं... प्रास्ताविक असतं.’

‘मग त्याला कुणी सांगितलं?’

‘पुस्तकात असतं असं.’

‘पुस्तकवाला होता जागेवर?’

उ. मला राग आला. रेल्वेत कारकुनी केलेल्या माणसानं माझ्या गंगोत्रीला उगीच म्हणावं! एस.टी.त बसल्यावर मी मनातल्या मनात त्यांना चांगलं तासभर सुनावलं. लोह्याच्या पुढं गाडी आल्यावर सहज विचार केला की त्या वाक्यातून मला नक्की काय सांगायचं होतं. अहमदपूर आलं तरी काही सापडलं नाही.

काका ट्रॅकमनच्या जबाबाची एक गोष्ट नेहमी सांगायचे. इस्लापूरकडं रुळावर म्हैस आली होती. चारपाच जणांचे जबाब घेतले. प्रत्येकानं म्हैस कुठून आली, कशी धावली, ड्रायव्हरनं शिट्टी कशी वाजवली, सगळं रंगवून सांगितलं. एक जण एवढंच म्हणाला, ‘मला म्हैस दिसली न्हाई, साहेब. म्या पाठमोरा होतो. मला फकस्त आवाज आला.’ काका म्हणायचे, ‘सर, बाकीच्यांनी म्हैस चार बाजूंनी आणली. हा एकटा म्हणाला, दिसली न्हाई. तेवढाच जबाब मी कामाला लावला. न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं म्हणायला लई जिगर लागती.’

आणि मग ते परिशिष्टापर्यंत आले. म्हणजे खरं तर ते परिशिष्टापासूनच सुरू झाले होते, पण त्या दिवशी काही बोलले नव्हते. नुसती तिथली उत्तरं देणाऱ्यांची यादी एका कागदावर उतरवून घेतली होती. दोन महिन्यांनी तो कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रबंधासाठी दोनशे बाजारकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. त्यातल्या एकशे दहा मी खरोखर भरून घेतल्या. दोन चकरांत, धावतपळत, कुणी ‘आता गिऱ्हाईक हाय, मागून या’ म्हणालं की पुढच्याकडं. नव्वद राहिल्या. त्या मी लातूरला, घरी, पंख्याखाली बसून भरल्या. वेगवेगळ्या रंगांची पेनं वापरली, हस्ताक्षर कधी उजवीकडं, कधी डावीकडं झुकवलं. उत्तरं सुचायला अडचण आली नाही, शब्दांचा धनीच ना मी. नावं मात्र सुचेनात. लग्नसराई होती. टेबलावर पत्रिकांचा ढीग पडलेला. त्यातली नावं मी उतरवत गेलो. आधी निमंत्रक संपले, मग व्यवस्थापक, मग समस्त मित्रमंडळ. शेवटी उरली ती तळाची बच्चेकंपनी, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’वाली. तोवर माझे डोळे मिटायला लागले होते.

काकांनी कागदावर बोट ठेवून वाचलं, ‘उत्तरदाता क्रमांक एकशे एक्क्याऐंशी. कु. परी. वय बावन्न. व्यवसाय, शेळ्यांची खरेदी-विक्री.’

मी खिडकीबाहेर पाहिलं.

‘क्रमांक एकशे ब्याऐंशी. चि. पिंट्या. वय एकसष्ट. बैलबाजारात दलाल.’ त्यांनी चष्मा काढला. ‘सर, एकसष्ट वर्षांच्या दलालाला चि. कोण लावतंय हो?’

माझ्या मार्गदर्शकांनी, विभागप्रमुखांनी, परीक्षकांनी, टंकलेखकानं, बांधणीवाल्यानं, कुणीही हे वाचलं नव्हतं. मीही वाचलं नव्हतं. काकांनी वाचलं. ‘नव्वद माणसं हाईत अशी,’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘सगळी एकाच तोंडानं बोलून राहिलीत. सगळी अंशतः समाधानी. बाजारात अंशतः समाधानी माणूस मी अजून पाहिला न्हाई. तुमच्या विद्यार्थ्यानं हे घरी बसून भरलंय, सर.’

‘असेल,’ मी म्हणालो.

‘आता सांगा, त्याचे सर म्हणून तुम्ही काय करणार?’

आयुष्यभर हातात माईक घेऊन बोलत आलो, पण इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी घसा साफ केला. शिक्षकाच्या आवाजात म्हणालो, ‘त्या नव्वद रद्द कराव्या लागतील. त्यानं पुन्हा बाजारात जावं.’

‘सांगाल त्याला?’

‘सांगतो.’

‘रागावू नका पण. रडंल बिचारा. तुमच्याशिवाय कोण हाय त्याला?’

विद्यार्थ्यानं ते मुकाट्यानं ऐकलं. पुढच्याच बाजाराच्या दिवशी तो मुरुडला गेला. काकांचा निरोप होता, पहिला बाजारकरी यायच्या आधी पोचायचं आणि शेवटचा जाईस्तोवर उठायचं नाही. पहिल्याच दिवशी मिरच्या विकणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, ‘तू कुणाचा रं? घ्यायचं न्हाई तर सावलीत तरी सरक, मालावर उभारू नको.’ मी सरकलो. दुपारी ती जेवायला बसली तेव्हा मला म्हणाली, ‘बसलाच हाईस तर वाईच बघ माझ्याकडं.’ मी दीड तास मिरच्या विकल्या. सगळ्या गिऱ्हाइकांनी मला फसवलं. ती परत आली, ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. प्रश्नावलीतल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं मग स्वतःहून सांगून टाकली, शिव्यांसकट.

एक म्हातारे दर आठवड्याला यायचे आणि चपलांच्या दुकानाशेजारी रिकामी पिशवी पुढ्यात ठेवून बसायचे. मी विचारलं, ‘बाबा, विकायला काय आणलं?’ ‘काय न्हाई.’ ‘मग घ्यायला आलात?’ ‘न्हाई. नुसता येऊन बसतो. इथं आलं म्हंजी चार जण हाक मारतेत.’ मी पंख्याखाली बसून अशी नव्वद माणसं बनवली होती आणि एकाच्याही हातात मला रिकामी पिशवी देता आली नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. आधी नुसती भीती होती.

शनिवारी मी हे सगळं लिहून न्यायचो. काका उलटे वाचायचे. ‘पोरगं बसू लागलं की हो!’ म्हणून टेबलावर थाप मारायचे. त्या लाजाळू पोराची प्रगती ग्रंथपालांना कळायची, चहावाल्याला कळायची, घरी काकूंना कळायची. ‘काकू विचारून राहिली, त्याचं जेवणाचं काय हाय म्हणून,’ ते सांगायचे. ‘खोली करून राहतो का मेसला?’ मी त्याला मेसला घातला. एका शनिवारी त्याला ताप आणला, कारण माझं प्रकरण झालं नव्हतं. काकांनी मला पांढऱ्या गोळ्यांची पट्टी दिली, ‘त्याला द्या, जेवण झाल्यावर घ्यायला सांगा.’

मला तेव्हा मनातून पक्कं वाटायचं की काकांना सगळं ठाऊक आहे. एवढे जबाब घेतलेला माणूस, त्याला कळणार नाही? माझी अब्रू राहावी म्हणून हे नाटक ते चालवू देतात, असं मी धरून चाललो होतो. फार मोठ्या मनाचा माणूस, असंही वाटायचं.

मुदत संपायला दहा दिवस राहिले तेव्हा काका म्हणाले, ‘एक ओळ राहिली. पहिल्या वेळी नव्वद कागद मी घरी बसून भरले होते, हे त्यानं लिहावं.’

‘काका, डिग्री जाईल त्याची!’

‘जाईल. न्हाई तर राहील. तुम्ही त्याला बळजबरी करू नका. विचारा.’

मी त्याला आठ दिवस विचारत होतो. नवव्या दिवशी ओळ लिहिली. सरळ, एकाच ओळीत, ‘उक्त’, ‘तद्वत’ काही न घालता. ती घेऊन नांदेडला गेलो आणि काकांनी ती वाचायच्या आत म्हणालो, ‘काका, तुम्हाला तर ठाऊकच आहे. तो विद्यार्थी मीच.’

काका माझ्याकडं पाहत राहिले. मग मला दिसलं की त्यांना ठाऊक नव्हतं. अजिबात नव्हतं. कागदावरचं सगळं पारखून घेणाऱ्या त्या माणसानं समोर बसलेल्या माणसाचा शब्द पहिल्या दिवशी जो धरला होता, तो तसाच धरून ठेवला होता.

‘म्हंजी तो पोरगा हायच न्हाई?’

‘नाही, काका.’

‘ताप आलता तो?’

‘नाही.’

‘मला त्या पोराचा लई लळा लागला होता,’ ते म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. ‘तुम्ही मला खोटा जबाब दिला, सर. सहा महिने. मी घरी जाऊन सांगत होतो.’

त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. ‘काकूनं शेंगदाण्याचे लाडू केलेत. प्रबंध द्यायला जाताना त्याला द्या म्हणाली होती.’ थोडा वेळ डब्याकडं पाहिलं. मग तो माझ्याकडं सरकवला. ‘खा. त्याच्यासाठीच केलेत.’

मी खाल्ला. एक्केचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला बाप्या, ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला रडत लाडू खात होतो. काकांनी तेवढ्यात ती ओळ वाचली, समोरून, सुरुवातीपासून. काही खूण केली नाही. कागद परत दिला आणि उठून गेले.

प्रबंध दिला. चार महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘ही ठेवणार आहात?’ ‘ठेवणार,’ म्हणालो. त्यांनी विभागप्रमुखांकडं पाहिलं, विभागप्रमुखांनी छताकडं पाहिलं. ‘आता बाजार दिसतोय,’ परीक्षक म्हणाले. ‘असू द्या ती.’

या चार महिन्यांत काकांना फोन करायचा धीर झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन नांदेड गाठलं. ग्रंथपालांनी मला पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. बिरादार काकांना जाऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी घाटावरून फिरून आले, बसले, आणि तिथंच.

ग्रंथपालांनी घराचा पत्ता दिला. काकूंना मी कधी पाहिलं नव्हतं. लातूरचे सर आलेत म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. मी तयारी करून गेलो होतो. शिव्या खायची, माफी मागायची. काकू समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘ओ सर, तुमचा तो विद्यार्थी पास झाला का?’

काकांनी घरी सांगितलंच नव्हतं.

‘लाडू पोचले होते ना त्याला?’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवशी घरी आले ते गप गपच होते. मी विचारलं, दिले का लाडू? म्हणाले, दिले, माझ्यासमोर खाल्ले. मी म्हटलं, आला होता म्हणा की शेवटी? तर म्हणाले, आला. जरा उशिरा आला, पण स्वतः आला. दिसायला कसाय, म्हटलं. तर म्हणाले, जाडसर हाय. कानावर केस पिकलेत. पण पोरगं चांगलं हाय.’ काकू डोळे पुसत हसल्या. ‘केस पिकलेलं पोरगं कसलं हो, सर?’

मी पेढ्याचा पुडा खाली ठेवला, वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवले आणि म्हणालो, ‘पास झालो, काकू.’